शिंदे घाट : जुनी तबकडी आणि नवी झिलई

वाराणसीची पोस्टिंग आली की फौजी माणसाला अचानक नातेवाईक फुटतात. वीस वर्षांत ज्यांनी कधी फोन केला नाही ते फोन करून विचारतात, "अरे, तू काशीला आहेस ना? गेस्ट रूमचं काही जमेल का?" विश्वनाथाचं दर्शन, संध्याकाळची आरती, सकाळची नाव आणि शेवटी कचोरी-जिलेबी हा कार्यक्रम मी इतक्या वेळा पार पाडला आहे, की निवृत्तीनंतर गाईड म्हणून माझं पोट नक्की भरेल असं बायको म्हणते.

फेब्रुवारीत साताऱ्याहून आलेला फोन मात्र वेगळा होता. पलीकडे ताई होती. "बाबांच्या अस्थी घेऊन येतेय. त्यांनी लिहून ठेवलंय, काशी, शिंदे घाट. आणि तुझ्यासाठी एक खोकंही आहे."

ताईचे बाबा म्हणजे आमचे नानाकाका. रक्ताचं नातं काही नाही. साताऱ्यात आमच्या शेजारचं घर. ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले तेव्हा मी शाळेत होतो. एनडीएचा फॉर्म त्यांनी आणून दिला, मुलाखतीची तयारी त्यांनी करून घेतली, आणि रॉक संगीताचं वेडही त्यांनीच लावलं. सातारच्या वाड्यात संध्याकाळी देवापुढे दिवा लागायचा आणि शेजारच्या खोलीत एरिक क्लॅप्टनची गिटार सुरू व्हायची. आमच्या आजीला हे विचित्र वाटायचं. ती म्हणायची, "एवढा लढाई करून आलेला माणूस, आणि हे काय ऐकतो!" तिला माहीत नव्हतं की लढाईचा आणि त्या रेकॉर्डचा फार जवळचा संबंध होता.

तो संबंध सांगण्यासाठी आणि त्यातून माझं जे एक मत पक्कं झालं ते मांडण्यासाठी हा लेख. मत रेकॉर्डविषयी आहे. जुनी मूळ तबकडी खरी, की नव्याने झिलई दिलेली रीमास्टर आवृत्ती खरी, हा रॉक ऐकणाऱ्यांचा जुना वाद. आमच्या कोर्समेट्समध्ये या विषयावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडचे लोक हट्टी आहेत. फौजी आहेत, अजून काय होणार!

खोक्यात काय होतं ते आधी सांगतो. 'द कॉन्सर्ट फॉर बांगला देश', तीन एलपींचा संच, जुना, मूळ छपाईचा. सत्तरच्या दशकात नानाकाकांच्या एका चुलतभावाने लंडनहून आणलेला.

ज्यांना ही कॉन्सर्ट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 1971 साली पूर्व पाकिस्तानात जे चाललं होतं त्याने पंडित रविशंकर अस्वस्थ होते. हे पंडितजी मुळात काशीचे, 1920 साली इथेच जन्मले. पैसे उभे करायला काही करता येईल का, असं त्यांनी आपला शिष्य आणि मित्र जॉर्ज हॅरिसनला विचारलं. बीटल्स नुकतेच फुटले होते. हॅरिसनने फोन फिरवायला सुरुवात केली आणि 1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवसात दोन कार्यक्रम झाले. रिंगो स्टार, एरिक क्लॅप्टन, बॉब डिलन, लिऑन रसेल, बिली प्रेस्टन असे सगळे एका मंचावर. सुरुवात मात्र रॉकने झाली नाही. सुरुवातीला रविशंकरांची सतार, अली अकबर खाँसाहेबांचा सरोद, अल्लारखाँचा तबला आणि कमला चक्रवर्तींचा तानपुरा. वाद्यं जुळवून झाल्यावर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. जुळवणंच एवढं आवडलं तर वादन त्याहून आवडेल, अशा अर्थाची पंडितजींची मिश्किल टिप्पणी रेकॉर्डवर आहे. मग 'बांगला धुन', सोळा-एक मिनिटांची.

अमेरिकेत हा संच दुकानात आला 20 डिसेंबर 1971 रोजी. ढाक्यात शरणागतीवर सही झाली 16 डिसेंबरला. मधे फक्त चार दिवस.

त्या चार दिवसांत नानाकाका, तेव्हाचे तरुण कॅप्टन, पूर्वेच्या आघाडीवर होते. त्यांची पलटण आगरतळ्याच्या बाजूने आत शिरली होती. अखौरा, गंगासागर, ब्राह्मणबारिया ही नावं माजी सैनिक वाचकांना सांगायला नकोत. लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांना परमवीर चक्र मिळालं ती लढाई तिथलीच. पण नानाकाका लढाईबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते लढाईच्या आधीच्या महिन्यांबद्दल. त्या वर्षी जवळपास एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून भारतात आली. एकट्या त्रिपुरात तिथल्या मूळ लोकसंख्येच्या जवळपास तितकेच निर्वासित होते. छावण्यांत कॉलरा होता. "गोळी लागलेला माणूस बघायची सवय होते," ते एकदा म्हणाले होते, "पोट खपाटीला गेलेल्या पोराची होत नाही."

या संचाच्या मुखपृष्ठावर नेमकं तेच होतं. हाडांचा सापळा झालेलं, अंगावर कपडा नसलेलं एक लहान मूल, जमिनीवर बसलेलं. रेकॉर्ड कंपनीला हे चित्र जड वाटत होतं. हॅरिसनने ते लावून धरलं.

आता माझी चूक सांगतो. 2005 साली हा अल्बम रीमास्टर होऊन दोन सीडींच्या संचात बाहेर आला. मी तेव्हा कॅप्टन होतो, खिशात थोडे पैसे खुळखुळत होते. सुट्टीवर जाताना तो संच घेतला आणि मोठ्या ऐटीत नानाकाकांना दिला. म्हटलं, "काका, आता ती खरखरणारी तबकडी टाकून द्या. हे ऐका. डिलनचं एक गाणंसुद्धा जास्तीचं आहे." त्यांनी चष्मा लावला, डबी उलटसुलट करून पाहिली. नव्या मुखपृष्ठावर मंचावरचा हॅरिसन होता. रात्री त्यांनी दोन्ही सीडी सबंध ऐकल्या. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "आवाज फार छान आहे रे. तानपुरा आता कुठे नीट ऐकू आला. पण ते लेकरू कुठे गेलं?"

मी हसलो. "काका, ते पॅकिंग आहे. संगीत तेच आहे." ते काही बोलले नाहीत. तो विषय तिथेच संपला असं मला वीस वर्षं वाटत होतं.

ताई परत गेल्यावर एका रविवारी मी ठरवलं की दोन्ही नीट ऐकायचं. रीमास्टरची सीडी माझ्या स्वतःच्या संग्रहातही होती. ऐकायची पद्धत आधी सांगतो, कारण या वादातली निम्मी भांडणं पद्धत चुकल्यामुळे होतात. रायफल झिरो केल्याशिवाय दोन नेमबाजांच्या ग्रुपिंगची तुलना आपण करतो का? इथेही तसंच. माणसाच्या कानाला थोडा मोठा आवाज नेहमी "चांगला" वाटतो. रीमास्टर बहुतेक वेळा मोठ्या आवाजात बनवलेला असतो, त्यामुळे पहिल्या दहा सेकंदांत तोच जिंकतो. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा. मग कुणाला तरी बटण बदलायला बसवायचं आणि आपण पाठ करून ऐकायचं. हे काम बायकोने केलं, दोन कप कॉफीच्या मोबदल्यात.

निकाल? सरळ नव्हता. 'बांगला धुन'मध्ये रीमास्टर उजवा. मागची शांतता खरोखर शांत, त्यामुळे सरोदाची आस विरताना शेवटपर्यंत ऐकू येते. तबकडीवर त्याच जागी पन्नास वर्षांची धूळ बोलते. उलट पूर्ण बँड वाजू लागतो, दोन-दोन ड्रमर, गिटारी, कोरस, तेव्हा मला तबकडी बरी वाटली. ढोल मागून येतात, गर्दी मागे राहते, गाणारा पुढे उभा असतो. सहापैकी दोन वेळा तर मी चुकीचंच उत्तर दिलं. रीमास्टरला तबकडी म्हणालो. बायकोने हे सगळ्यांना सांगायचं कबूल केलं आहे.

म्हणून "मूळ तेच खरं" म्हणणाऱ्या मित्रांना माझं पहिलं सांगणं. मूळ म्हणजे नक्की काय? मंचावर वाजलं ते टेपवर गेलं. अनेक ट्रॅकची ती टेप मिसळून दोन ट्रॅकची मास्टर टेप झाली. मास्टरवरून लाकरच्या तबकडीत खाच कोरली, तिच्यावरून धातूचे साचे, साच्यांतून विनायलची छपाई. साचा झिजतो, हजाराव्या प्रतीत पहिल्या प्रतीची धार नसते. दुसऱ्या देशात छापायचं तर टेपची नक्कल किंवा साचे तिकडे जायचे. आपल्याकडे विकल्या गेलेल्या बीटल्सच्या कितीतरी एलपी कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात छापलेल्या आहेत. त्यांनाही आपण अभिमानाने "ओरिजिनल" म्हणतो, आणि म्हणावंही. पण त्या अनुवादाचा अनुवाद आहेत हे विसरू नये.

शिवाय मूळ छपाई सदोष असू शकते. 1969 साली 'लेड झेपलिन टू' हा अल्बम रॉबर्ट लडविग या इंजिनिअरने असा दणदणीत कोरला की स्वस्त प्लेअरवर सुई उडायला लागली. कंपनीने तो परत मवाळ कोरून घेतला. आज लोक त्या पहिल्या, "आर एल" अशी अक्षरं कोरलेल्या प्रतीसाठी खिसा रिकामा करतात. आता मूळ कुठलं म्हणायचं? थोड्यांच्या हाती लागलेलं ते, की बहुतेकांनी ऐकलं ते? जॅझमधलं उदाहरण तर याहून मजेशीर आहे. माइल्स डेव्हिसचा 1959 सालचा 'काइंड ऑफ ब्लू' ध्वनिमुद्रित होताना एका टेप मशीनचा वेग चुकला होता. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर किंचित चढ्या सुरात वाजत राहिली. 1992 च्या आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणजे तेहतीस वर्षं "मूळ" प्रत बेसूर होती आणि नवी प्रत वादकांशी जास्त इमानदार निघाली. आपल्याकडे जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांवरून नाट्यपदं उतरवणारी जाणकार मंडळी वेगाची हीच काळजी घेतात. वेग जरा चुकला की बालगंधर्वांची पट्टी बदलते.

तेव्हा रीमास्टर हे पाप नाही. पितळेवर ब्रासो मारल्याने पितळ खोटं होत नाही.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, "नवं तेच चांगलं" म्हणणाऱ्यांकडे. 2005 साली मी या तटात होतो. झिलईच्या नावाखाली तीन गोष्टी केल्या जातात ज्यांना माझा विरोध आहे, आणि त्या चढत्या क्रमाने गंभीर आहेत.

पहिली, आवाज पिळणं. संगीतात हळू आणि मोठं यांत अंतर असतं, त्या अंतरात श्वास असतो. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांना वाटू लागलं की आपली सीडी शेजारच्या सीडीपेक्षा मोठ्याने वाजली पाहिजे. मग लिमिटर लावून सगळी शिखरं छाटायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. डोंगर कापून पठार केल्यासारखं. 2008 साली मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा ऐकणाऱ्यांनीच ओरड केली, कारण तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्ये मोकळी वाजत होती आणि सीडीवर भाजल्यासारखी. ड्रिलच्या मैदानावर सुभेदार मेजर साहेब सारखे ओरडत राहिले तर शेवटी कुणी ऐकत नाही, हे आम्हाला पहिल्या टर्ममध्येच कळलं होतं. त्यांचा दरारा दोन आरोळ्यांच्या मधल्या शांततेत असतो.

दुसरी, लपवाछपवी. 2022 साली अमेरिकेतल्या मोबाइल फिडेलिटी या नामांकित कंपनीबद्दल उघड झालं की ज्या महागड्या तबकड्या लोक पूर्ण ॲनालॉग समजून घेत होते, त्यांतल्या अनेकांच्या निर्मितीत डिजिटल पायरी होती. प्रकरण कोर्टात गेलं, तडजोड झाली. गंमत अशी की त्या तबकड्यांचा आवाज उत्तम होता. "डिजिटल मला लगेच ओळखू येतं" असं छातीठोकपणे म्हणणाऱ्यांना वर्षानुवर्षं ते ओळखता आलं नव्हतं. म्हणजे दोष आवाजात नव्हता, सांगण्यात होता. काय केलं ते लेबलवर सरळ लिहा. रीमास्टर म्हणजे त्याच मास्टर टेपची नवी झिलई, आणि रीमिक्स म्हणजे मुळातले वेगवेगळे ट्रॅक पुन्हा मिसळणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅरिसनच्याच 'ऑल थिंग्ज मस्ट पास'चं उदाहरण घ्या. 2001 ची आवृत्ती रीमास्टर होती, 2021 ची रीमिक्स, आणि दोन्ही तसं सांगून आल्या. माझी तक्रार नाही. हवी ती ऐका.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. माणसं पुसणं.

खडकवासल्याला असताना आमच्या स्क्वाड्रनमध्ये ऑझी ऑस्बोर्नची एक कॅसेट फिरायची. 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ', 1980 सालचा अल्बम. क्रॉस-कंट्रीच्या आदल्या रात्री 'क्रेझी ट्रेन' ऐकायचं असा आमचा अलिखित नियम होता. त्यात बास वाजवला होता बॉब डेझलीने आणि ड्रम ली कर्सलेकने. या दोघांचा पुढे मानधनावरून कोर्टकज्जा झाला. 2002 साली हा अल्बम आणि 1981 चा 'डायरी ऑफ अ मॅडमॅन' नव्याने निघाले तेव्हा त्या दोघांचं वादन काढून टाकलं होतं. त्यांच्या जागी दुसऱ्या दोन वादकांकडून तेच भाग नव्याने वाजवून घेतले होते. नवे वादकही नावाजलेले होते. पण 1980 साली त्या खोलीत ते नव्हते. ऐकणाऱ्यांनी हे सहन केलं नाही, आणि 2011 च्या आवृत्तीत मूळ वादन परत आलं.

ही हकिकत कळली तेव्हा मला राग नक्की कशाचा आला हे समजायला वेळ लागला. एनडीएत 'हट ऑफ रिमेम्बरन्स' आहे. अकादमीतून बाहेर पडून देशासाठी गेलेल्यांची नावं तिथे आहेत. ती जागा स्वच्छ ठेवतात, झाडलोट करतात, दिवे बदलतात. सगळं करा. उद्या नव्या संगमरवरात पाट्या कोरल्या तरी हरकत नाही. पण कुणाशी वाद झाला म्हणून नाव काढून तिथे दुसऱ्या कुणाचं घातलं, तर? प्रश्नच उद्भवत नाही. मग गाण्यातच का चालवून घ्यायचं? ड्रमवर बसलेला माणूसही त्या दिवशी तिथे हजर होता. त्याची हजेरी लागलेली आहे.

आणि इथे मला नानाकाकांचा प्रश्न वीस वर्षांनी कळला. रीमास्टरमध्ये एक सूरही पुसला नव्हता. उलट जास्तीचं गाणं दिलं होतं, आवाज सुधारला होता. पण ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला ते दारातून बाहेर गेलं होतं. नव्या श्रोत्याच्या हाती पडतो तो हॅरिसनचा एक उत्तम लाइव्ह अल्बम. जुन्या श्रोत्याच्या हाती आधी ते मूल पडायचं, आणि मग गाणी. मी ज्याला "पॅकिंग" म्हणालो ते त्या माणसाने छावणीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

कुणी म्हणेल, अशी चित्रं दाखवून किती वर्षं कणव गोळा करायची? त्या मुलाला कुणी विचारलं होतं का? हा प्रश्न खोटा नाही. आज कुणी असं मुखपृष्ठ काढायला निघालं तर मीही दहा वेळा विचार करीन. पण काढायचा आणि पुसायचा प्रश्न वेगळा आहे. जे 1971 साली छापलं, ते त्या वर्षाचं आहे. नवं चित्र पुढे घालायचं तर घाला, जुनं निदान पुढच्या पानावर ठेवा.

आता शिंदे घाटावर येतो, कारण हे सगळं डोक्यात घोळलं ते तिथल्या पायऱ्यांवर बसून.

हा घाट आपल्या माणसांचा. ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई, माहेरच्या कागलच्या घाटगे. ज्ञानवापीच्या विहिरीभोवतीचा खांबांचा मंडपही त्यांनीच 1828 साली बांधला. हा घाट त्यांनी एवढा भव्य बांधायला काढला की गंगेकाठच्या मऊ जमिनीला ते वजन पेललं नाही आणि घाट खचला. आज आपण ज्या पायऱ्यांवर बसतो तो पुढे पुन्हा बांधलेला घाट आहे. म्हणजे रीमास्टर म्हणा ना. त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. खचलेल्या घाटावर अस्थी घेऊन कोण उतरणार?

पण त्याच घाटाला लागून पाण्यात रत्नेश्वर महादेवाचं देऊळ उभं आहे, नऊएक अंशांनी मागे कललेलं. पावसाळ्यात पाण्याखाली जातं, हिवाळ्यात गाळातून वर येतं. नावाडी त्याच्या चार वेगवेगळ्या कथा सांगतात, कुणी आईच्या शापाची, कुणी आणखी कशाची. ते देऊळ सरळ केलेलं नाही. गाळ काढतात, पूजा करतात, आणि कललेलं आहे तसं उभं राहू देतात. तो कल म्हणजेच त्या जागेवर काय घडलं याची नोंद आहे. पायऱ्या नव्या घाला, पण देऊळ सरळ करून "हे असंच होतं" असं सांगू नका. माझं सगळं मत एवढंच आहे.

अस्थिविसर्जनाच्या दिवशी गुरुजींचं आटोपल्यावर ताई आणि मी बराच वेळ त्या देवळाकडे बघत बसलो होतो. शेजारी मणिकर्णिकेचा धूर. ती म्हणाली, "खोकं मी रद्दीत देणार होते रे. सगळं फोनवर मिळतं आता. पण वर बाबांनी तुझं नाव लिहिलं होतं." मी म्हटलं, "ताई, बरं झालं दिलं नाहीस." तेव्हा मला वाटलं होतं, एक जुना चांगला संच मिळाला.

त्या रविवारी ऐकायला बसताना मी खोकं पहिल्यांदा नीट उघडलं. तीन तबकड्या, जाड छायाचित्रांची पुस्तिका, आणि पुस्तिकेच्या मागे सरकवलेली माझी 2005 ची सीडी. त्यांनी टाकली नव्हती. प्लास्टिकची डबी काढून टाकून, दोन्ही सीडी कागदी पाकिटात घालून, त्या मुलाचं चित्र असलेल्या खोक्यात ठेवल्या होत्या. पाकिटावर त्यांच्या ठळक अक्षरात लिहिलं होतं, "बांगला धुन यावर ऐकावी. बाकी तबकडीवर."

मी लेख लिहून मत मांडतो आहे, त्यांनी ते खोक्यात ठेवून दिलं होतं. चांगलं ते नव्यातून घ्या, आणि ते जुन्याच खोक्यात ठेवा.

माझी बदली आता वर्षभरात होईल. सामान काळ्या ट्रंकांत भरलं जाईल, प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नंबर, आणि बायकोची यादी : काय न्यायचं, काय भंगारात. ट्रंका दरवेळी वाढतात म्हणून या वेळी ती फार कडक आहे. खोकं तिने उचलून पाहिलं, वजनाचा अंदाज घेतला, आणि न विचारता पहिल्या ट्रंकेच्या यादीत लिहिलं. तुमच्याही घरात माळ्यावर अशी एखादी तबकडी असेल. सुई नसेल, प्लेअर नसेल, तरी रद्दीत देण्याआधी एकदा मुखपृष्ठ बघा, मागची नावं वाचा. फोनवर गाणं सापडेल. ती नावं तिथे आहेत का, तेवढं ताडून पाहा.